डोळ्यांची आखणी

बाबा,

तुमच्या गणपतीच्या कारखान्यात जपलेली माती मी येथे आणू शकलो नाही, हे प्रथम सांगतो. मागील विसर्जनाच्या जागेवरची मूठभर माती नव्या गोळ्यात मळायची, ही आपल्या घरची रीत. म्हणून मी ती एका डब्यात घेऊन न्यूझीलंडला निघालो. विमानतळावर डबा स्वतः उघडून दाखवला. अधिकारी नम्र होता. डबा मात्र त्याने परत दिला नाही. परदेशची माती या देशात येऊ देत नाहीत, असे मुलीने नंतर समजावले. मी चौथीपर्यंत शिकलो असलो तरी खोटे बोलून काही आत आणणारा मनुष्य नव्हे, असे मी तिला ताठ मानेने सांगितले. ते वाक्य मला पुढे जड जाणार होते.

मुलगी लोअर हटमध्ये राहते आणि रुग्णालयात परिचारिका आहे. येथील मराठी मंडळी वर्षानुवर्षे एकाच मूर्तीची पूजा करीत. विसर्जनाला ती बादलीत बुडवायची, पुसायची आणि लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवायची. मी हसलो. तेव्हा पुण्याहून तीस वर्षांपूर्वी आलेल्या एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "हसा काका. पहिल्या वर्षी आम्ही चारच घरं होतो, मूर्ती कोणालाच करता येत नव्हती. हिला पाण्यात सोडली असती, तर पुढच्या वर्षी कोण आलं असतं?" मी खजील झालो. त्यांनी लगेच विचारले, "यंदा तुम्ही कराल? अगदी डोळ्यांसकट?"

"अर्थात," मी म्हणालो. "डोळे वडिलांनीच शिकवले आहेत."

तुम्हाला ठाऊक आहे, ते खरे नव्हते. चौथीनंतर तुम्ही मला शाळेतून काढून कारखान्यात बसवले. माती मळणे, सोंड वळवणे, कान बसवणे, सारे शिकवले. डोळ्यांच्या दिवशी मात्र सर्वांना बाहेर घालवून आतून कडी लावीत होता. एकदा एका तडकलेल्या मूर्तीवर मी गुपचूप एक डोळा आखला. तुम्ही ओल्या फडक्याने तो पुसलात आणि म्हणालात, "सोंड कर, कान कर. पुन्हा डोळ्याला हात लावलास, तर कारखान्यात पाय ठेवू नकोस." तुमच्या मागे ते काम थोरल्या भावाकडे गेले. माझा कुंचला पुन्हा डोळ्यापर्यंत कधीच पोहोचला नाही.

माती मिळाली ती घरामागच्या ओढ्याकाठची. शेजारी एक वृद्ध माओरी बाई राहतात. त्यांचे पूर्वज याच काठचे. मला फावडे घेऊन निघालेला पाहून त्या आल्या. माझ्या नातीला मराठी कळते, पण उत्तर ती इंग्रजीत देते. तीच आमची दुभाषी. "आजोबा, शी इज आस्किंग, नंतर ही माती कुठे जाणार?"

"पुन्हा याच पाण्यात, म्हणून सांग."

 बाईंनी ओढ्याकडे तोंड करून आपल्या भाषेत हळू आवाजात काही म्हटले, आणि तुम्ही खणण्यापूर्वी टेकवीत होता तसा हात जमिनीला टेकवला.  त्यांची अट एकच होती: पाण्यात रंग जाता कामा नये. मी कबूल केले. घरी येईपर्यंत उमगले की आता पितांबर नाही, मुकुटाचा सोनेरी नाही. कोऱ्या मातीवर दिसणार ते फक्त दिव्याच्या काजळीचे दोन डोळे.

डोळ्यांच्या दिवशी सकाळी सभागृहात डॉक्टर, अभियंते, त्यांची मुले असे सारे जमले होते. एक तरुण म्हणाला, "काका, मोबाइलवर व्हिडिओ घेतो हं." मी म्हणालो, "सर्वांनी बाहेर थांबावे. ही आमच्या घरची रीत आहे." ती सारी शिकलेली माणसे माझ्या एका शब्दावर मुकाट्याने बाहेर गेली. येथे जन्मलेली मुलेसुद्धा काचेपलीकडे श्वास रोखून उभी होती. मी पडदा ओढला आणि कुंचला उचलला. हात इतका थरथरू लागला की मनगट दुसऱ्या हाताने धरावे लागले.

त्याच क्षणी मला तुमची कडी समजली. मला आजवर वाटत होते की आत काही गुपित आहे आणि मी त्याला पात्र नाही. तुमचाही हात थरथरत असणार, बाबा. दरवर्षी.

डावा डोळा किंचित खाली उतरला आहे. पडदा सरकवला तेव्हा सारे आत आले. नातीने हात जोडले आणि मराठीत म्हटले, "आजोबा, तो माझ्याकडेच बघतोय."

उद्या विसर्जन आहे. पुढच्या वर्षीच्या गोळ्यासाठी ओढ्याकाठची मूठभर माती यंदा मी मुलीच्या घरी आणीन. डॉक्टरबाईंनी काल विचारले, "वडिलांनी कसं शिकवलं हो तुम्हाला?" खरे सांगायचे ठरवले होते. मी म्हणालो, "कडी लावून." बाकीचे फक्त तुम्हाला लिहिले. हा कागद घडी करून कुंचल्याच्या डब्यात ठेवतो आहे.