जड मैदानाचे गुण

आदरणीय तात्यारावमामा,

तोंड दाखवायची सोय न उरलेल्या भाच्याचा जयभीम. तुमची तब्येत कशी आहे? राधामामींचा गुडघा आता कुरकुरत नाही ना? मी इकडे बरा आहे. खरं तर बरा असायला नको, पण आहे. फोन तुम्ही उचलत नाही (बरोबरच आहे), म्हणून पत्र.

दोष खराडीच्या ऑफिसातल्या श्रीनिवासचा. (माझाच, पण सुरुवात दुसऱ्यावर ढकलून केली की जरा धीर येतो.) त्याने पावसाळ्यात मला रेसकोर्सवर नेलं आणि घोड्यांच्या वेगाचे आकडे काढायला शिकवलं. घोड्याला किती वेळ लागला एवढंच बघून भागत नाही. तेवढ्या अंतराला एरवी किती लागतो ते बघायचं, मग त्या दिवशी ट्रॅक कसा होता ते. सगळेच घोडे रेंगाळले, तर ट्रॅक पावसाने जड होता असं धरून गुण वाढवायचे. सगळेच सुसाट सुटले, तर कापायचे. म्हणजे वेगवेगळ्या दिवशी धावलेले घोडे शेजारी शेजारी उभे करता येतात. हे कळल्यापासून मी लिफ्टला, रिक्षाला, पूर्वाच्या स्वयंपाकाला आकडे देत सुटलो. (बायकोनेही माझा आकडा काढला. तो इथे लिहीत नाही.)

अशा माणसाला तुमच्या सत्कारात दोन शब्द बोलायला सांगायला नको होतं. धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या चालण्याच्या शर्यतीत तुम्ही पोपटरावांचा गेल्या वर्षीचा विक्रम मोडलात. कप तुमच्या हातात होता, मामी नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मी कौतुक करायलाच उभा राहिलो होतो, पण लॅपटॉप उघडला. गेल्या वर्षी बाकी सगळेच रेंगाळले होते, म्हणजे मैदान जड. यंदा सगळे झपाझप चालले, म्हणजे हलकं. पोपटरावांचे गुण वाढवले, तुमचे कापले, आणि विक्रम अजून त्यांचाच आहे हे भर सभेत सिद्ध केलं. कॉम्प्युटरपुढे बोलायची संघात कुणाची छाती नाही, त्यामुळे कप तिथल्या तिथे पोपटरावांकडे गेला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या आठवल्या की मान वर होत नाही. तेव्हापासून तुम्ही सकाळी फिरायलाही येत नाही.

माफी मागायची लाज वाटते, तरी मागतो. गणित मात्र बरोबर होतं.

तुमचा,
प्रज्ञेश

ता. क. गणित बरोबर नव्हतं. पत्र टाकायला निघालो तर कोपऱ्यावर मामी भेटल्या. गेल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी पाऊस फार होता का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "पाऊस कुठला? चांगलं ऊन होतं. माझं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि मला एक फेरी मारायची हौस. हे माझा हात धरून चालले, म्हणून बाकीचेही आमच्यासोबत हळू चालले." मामा, मैदान जड नव्हतंच. एकटे पोपटराव न थांबता पुढे गेले, आणि मी त्याचेच त्यांना गुण दिले.

ता. क. २. हे सांगायला पोपटरावांकडे गेलो. त्यांनी कप पिशवीत घालून दिला. "तात्यास्नी सांग, मी बी तवा थांबायला पाहिजे हुतं." कप घेऊन तुमच्या दारात यायची माझी हिंमत नाही. रविवारी मामींना घेऊन मैदानावर या. पोपटराव मामींच्या मागून चालणार आहेत. मी कप घेऊन सगळ्यांच्या मागे असेन. कृपा करून माझा आकडा काढू नका.