रशियन काठाचं लुगडं

सेक्टर २, भिलाई
४ मे १९६०

ती. आईस,
मथुराचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल. तुझ्या हिरव्या लुगड्याचे काठ विरले होते, ते नवे लावून पाठवून राहिली. मी जिचे झगे शिवत होती, त्या रशियन बाईनं मायदेशी जाताना रिबिनीचं अख्खं भेंडोळंच देऊन टाकलं. चार बोटं रुंद, रेशमी, अंगावर आडव्या रेघा उठलेल्या. बोट फिरवलं की खरखर लागते. राधाबाईच्या पोरीच्या हळदीले हेच नेस.

जेठात मले नववा लागते. डॉक्टरीण प्रवास नको म्हणते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हे मलेही समजते, पण आता तूच ये. घरात सासू नाही, नणंद नाही. मले भीती वाटून राहिली.

लोभ आहेच, तो काठासकट टिकू दे.
तुझी मथुरा

देव्हाडी
१८ मे १९६०

चि. सौ. मथुरास अ. आ.

आई हळदीले मोठ्या ऐटीत गेली. बाया काठाले हात लावून लावून पाहत होत्या. मग शेवंताकाकूनं हळदीच्या पाण्याची घागर तिच्यावर ओतली. उन्हात लुगडं वाळलं आणि तुझी रिबीन आटली. लुगड्याले झालर पडली, पायाशी असं आवळलं की आईले पाऊल टाकता येईना. दोघींनी उचलून बैलबंडीत बसवलं.

आता ती भिलाईचं नाव काढू देत नाही. कोरं कापड भिजवल्याशिवाय सुई लावू नये, एवढंही पोरीले शिकवता आलं नाही, म्हणते. मी तीनदा बोलून पाहिलं. तूच लिही.

तुझा दादा,
भय्याजी

सेक्टर २, भिलाई
२३ मे १९६०

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चूक माझीच. एवढं झकपक रेशीम पाण्यात बुडवाले जीव झाला नाही. ये आणि मले वाटेल तेवढी बोल, पण ये. यांनी मैनाबाई नावाची सुईण पाहून ठेवली आहे. भली आहे, पण परकी आहे.

तुझीच,
मथुरा

देव्हाडी
२९ मे १९६०

चि. सौ. मथुरास अ. आ.

आई बोलते तसंच लिहितो.

मथुरे, राग उतरला नाही. गावातल्या पोरी अजून मले पाहून पाय बांधल्यावानी चालतात. पण हा राग पत्रात मावत नाही, तुह्यापुढं बसूनच काढीन. सव्वा महिना पुरेल. बुधवारच्या पॅसेंजरनं निघून राहिली. जावईबापूले दुर्गच्या टेसनावर उभं ठेव. अन् मी येईस्तोवर लेकराले थांबाले सांग.

सांगणार गिरजाबाई,
लिहिणार भय्याजी