पाणी न मारलेलं शेड

अहो,

रात्रभर खोकत होतात म्हणून उठवलं नाही. भाकरी झाकून ठेवलीय, काढा गरम करून घ्या. मी खात्याच्या तपासणीसाठी पाथरीला तुमच्याच कापसाच्या जिनिंगमध्ये हवेतली धूळ मोजायला गेलेय. मागच्या खेपेला तुम्ही मालकांना आधीच फोन केलात. त्यांनी शेडमध्ये पाणी मारलं, निम्मी यंत्रं बंद ठेवली आणि धूळ मर्यादेत निघाली. आज कुणाला कळवू नका. खरा आकडा आला तर शेड बंद पडेल, तुमची मुकादमकी जाईल, हे मला कळतं. नाही आला तर हा खोकला आहेच. तिसरी वाट मला सापडली नाही.

श्वासातली हवा ओढून धूळ गोळा करणारा मोजणीचा पंप दिवसभर एका कामगाराच्या अंगावर लावावा लागतो. मालकांच्या धाकानं दुसरं कुणी तयार होणार नाही. तुम्ही या.

सत्यशीला