लाल दोऱ्याचे टाके

सोमवार, ११ तारीख, दुपारचे दोन

लाडक्या चिऊला,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे, डोळ्यांत थेंब न चुकता घालते. तू दवाखान्यात रोग्यांचं करता करता स्वतः वेळेवर जेवतेस ना?

परवा शनिवारी सगळ्यात आधी आली ती काजवाली. पाहुणे अकराला येणार असा निरोप होता आणि ही बाई दहालाच हजर, केस धुऊन, ठेवणीतले कपडे घालून, जणू हिलाच बघायला येणार होते. ती जिना चढून वर आली तेव्हा मी मशीनवर चादर टाकत होते. तिने बघितलं, बसता बसता म्हणाली, "मशीनला थंडी वाजतेय का गं?" मी म्हटलं, धूळ बसते. "चाळीस वर्षांत आजच बसायला लागली," म्हणाली आणि पंखा लावून घेतला.

पाहुणे कोण ते सांगते, पण आधी सहलीचं सांगू दे. तू एवढ्या हौसेने मला, काजवालीला आणि इस्त्रीवालीला, आम्हा तिघींना पाठवलंस, आणि मी तुला काय लिहिलं तर कार्डावर चार ओळी. मजा आली, इस्त्रीवाली जरा पाण्यात पडली होती, आता ठीक आहे. तेवढं लिहून मी मूग गिळून बसले. आज सगळं लिहिते. घाईने वाचू नकोस.

अगं, काय ती बोट. तू कॅटमरान कॅटमरान म्हणत होतीस तेव्हा मला वाटलं एखादं औषध असेल. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एक घर बांधावं तशी. मी तिला जुळी म्हणायला लागले, तर दुसऱ्या दिवशी कप्तानही जुळी म्हणायला लागला. पुढे दोन्ही होड्यांच्या मधे जाळं ताणलेलं, त्यावर आम्ही तिघी जणी मासळीसारख्या पडून राहायचो आणि खाली पाणी पळायचं. हिरवं, निळं, मग एकदम काळं. काळं आलं की मी डोळे मिटून घ्यायची. कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं एका बाकावर बसलेल्या आम्ही, मी कॉलर लावायची, ती काजं करायची, इस्त्रीवाली शेवटी सगळ्यावर इस्त्री फिरवायची. आमच्या हातावर आयतं जेवण ठेवणारं कुणी कधी भेटलंच नव्हतं. तिथे आचारीणबाई सकाळी विचारायची, काय खाणार? इस्त्रीवालीला पहिल्या दिवशी रडूच आलं.

बोटीवर कप्तान, ही आचारीणबाई आणि एक खलाशी. खलाशी पंचेचाळिशीचा असेल, कमी बोलणारा, दोन मुलींचा बाप. शिडं ओढणं, नांगर टाकणं, आणि आमची लाइफ जॅकेटं रोज सकाळी तपासून वहीत सही करणं हे त्याचं काम. दुसऱ्या दिवशी त्याच्या निळ्या शर्टाचा खिसा कशाला तरी अडकून फाटला. मी म्हटलं आण इकडे. माझी सुईदोऱ्याची डबी बरोबर होतीच, तिच्याशिवाय मी कुठे जाते. निळा दोरा संपला होता म्हणून लालच ओवला. त्याला आवडला. आजी, आता हा खिसा कुणी चोरू शकणार नाही, म्हणाला.

इथपर्यंत किती छान आहे बघ. इथेच थांबवलं असतं तर बरं झालं असतं.

तर त्या जॅकेटांचं. जाड फुगीर नसतात ती. गळ्यातून दोन पट्टे खाली येतात, लाल कापडाचे, आणि कडेला वेल्क्रोची चिकटपट्टी. आमची तिन्ही जॅकेटं कडेला सारखी उघडायची. आतून काहीतरी पिवळं प्लास्टिक डोकवायचं, शर्टाचं अस्तर बाहेर यावं तसं. मला ते बघवेना. असं बिनशिवलेलं काम आमच्या सुपरवायझरने परत पाठवलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर फिरायला गेले, मी गुडघ्यामुळे मागे राहिले, आणि बसल्या बसल्या तिन्ही जॅकेटांच्या कडा शिवून टाकल्या. लाल कापड, लाल दोरा, दुहेरी, मेण लावलेला. टाका आत लपणारा, तुला शिकवला होता तोच. माझ्या डोळ्यांना आता टाका नीट दिसत नाही, पण तो बोटांना येतो. हात फिरवला तरी कळणार नाही असं काम झालं. मला वाटलं उद्या सगळे विचारतील, अगं, ही जॅकेटं इतकी नीटनेटकी कशी झाली? आणि मी गप्प बसून हसेन.

चिऊ, ती कड उघडण्यासाठीच असते. पाण्यात पडलं की आतली पिशवी आपोआप फुगते आणि कड फाकून बाहेर येते. पहिल्याच दिवशी कप्तानाने दहा मिनिटं उभं राहून हे समजावलं होतं. मी ऐकलं नाही. मी काजवालीच्या कानात सांगत होते की याच्या शर्टाची काजं बघ कशी विसविशीत आहेत. ती हसत होती. आम्ही दोघी हसत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा चढला. कप्तानाने सगळ्यांना जॅकेट घालायला लावलं. खलाशाने सकाळीच सही केली होती, चिकटपट्टी दाबून पाहिली असेल, बंद दिसली, झालं. शिडं पोटुशी झाल्यासारखी फुगलेली, इंजिन बंद, नुसता पाण्याचा आवाज. इस्त्रीवालीने आपला रुमाल धुतला आणि मागच्या कठड्यावर पसरून तळहाताने सरळ करत बसली. सवय तिची, दिसेल ते कापड सरळ करायचं. वाऱ्याने रुमाल उडवला. ती त्याच्यामागे वाकली. मी समोर बसले होते. ती होती, आणि मग नव्हती.

आवाज कसलाच झाला नाही गं. मला वाटायचं माणूस पडलं की काहीतरी मोठं ऐकू येत असेल.

खलाशी ओरडला आणि त्याने उडीच मारली, दोर बांधलेलं तरंगतं कडं घेऊन. शिडाची बोट लगेच थांबत नाही, तिला वळवावी लागते. आचारीणबाईने माझा हात धरून वर केला आणि म्हणाली, "आजी, हात तिच्याकडे धरून ठेवा, काही झालं तरी नजर काढू नका." मी धरला. इस्त्रीवालीचं डोकं बटणाएवढं झालं. मग शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढं. आणि ते डोकं वर नव्हतं, बाजूला कललेलं होतं, तोंड पाण्यात. एका अंगाचे टाके तुटून पिशवी बाहेर आली होती आणि दुसऱ्या अंगाचे माझे दुहेरी टाके पक्के राहिले. त्यामुळे जॅकेट तिला पालथंच करत होतं. हे मला तेव्हाच कळलं. सगळ्यांच्या आधी मला कळलं. माझा हात तिच्याकडे होता आणि मला कळत होतं.

त्याने तिला गाठलं, तोंड वर धरलं, कमरेची सुरी काढून जॅकेट कापलं. तेव्हा त्याच्या हातात माझा दोरा आला असणार.

इस्त्रीवाली जिवंत आहे. छातीत पाणी गेलं होतं, अकरा दिवस झाले इस्पितळात आहे, आता डाळिंबाचे दाणे खाते आणि नर्सबाईंना चादरी नीट घालायला शिकवते. मी रोज जाते. ती माझा हात धरून म्हणते, तू किती रडलीस गं माझ्यासाठी. मी खुर्चीवर बसते आणि तिच्या पांघरुणाची कड बघत राहते. उरलेल्या दोन जॅकेटांचे टाके मी त्याच संध्याकाळी, सगळे तिच्यात गुंतलेले असताना, कापून समुद्रात टाकले. हेही लिहायचं राहिलं होतं.

आता पाहुण्यांकडे येते.

अकराला जिन्यात बुटांचा आवाज आला. बंदराच्या कचेरीतले चौकशीसाहेब, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि त्यांच्यामागे आपला खलाशी. साहेब चांगले होते, बूट बाहेर काढून आले. पिशवीतून त्यांनी ते कापलेलं जॅकेट काढलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मग सांगितलं की हे कुणीतरी हाताने शिवलंय, खलाशी म्हणतो मी तपासलं होतं, पण टाके कुणी घातले ते मात्र बोलत नाही. त्यानेच घरगुती दुरुस्ती केली असा कचेरीचा अंदाज आहे. तसं ठरलं तर त्याचं पाण्यावरचं कार्ड, म्हणजे बोटीवर काम करायचा परवाना, कायमचं जाईल. बावीस वर्षांचं कार्ड. पुन्हा कुठल्या होडीवर पाय ठेवता येणार नाही.

साहेब जॅकेटची कड उलटी करून बघत होते. म्हणाले, "टाका मात्र सुबक आहे हो."

चिऊ, माझ्या तोंडात थँक्यू आलं होतं. खरंच आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, चहा घेणार ना?

त्यांनी विचारलं, तुम्ही पूर्वी काय काम करत होता? मी म्हटलं, घरीच असते. काजवालीने चादर टाकलेल्या मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपल्या नखांकडे. जॅकेट शिवताना कुणाला पाहिलं का असं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला काही आठवत नाही, मी झोपले होते. ती झोपली नव्हती. तिला सगळं माहीत आहे, कधीपासून ते मला माहीत नाही.

आणि खलाशी. त्याने तोच निळा शर्ट घातला होता, त्याच्याकडे तेवढाच बरा शर्ट असेल. तो आल्यापासून जाईपर्यंत डावा हात छातीवर खिशावर धरून बसला. साहेबांना वाटलं त्याला दुखतंय, दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, सवय आहे. चहाचा कप मी दिला तो त्याने उजव्या हाताने घेतला, बशी घेतलीच नाही, कारण बशीला दुसरा हात लागला असता. तेव्हा मला समजलं की तो काय झाकतोय. माझा लाल दोरा झाकत होता तो, साहेबांच्या समोर, टेबलावर तसलाच दोरा पडलेला असताना.

निघताना साहेब आधी उतरले. तो दारात चप्पल घालत होता. मी भिंतीला धरून उभी. त्याने वर बघितलं आणि हळूच म्हणाला, "आजी, खिसा अजून मजबूत आहे."

रागाने नाही गं. त्याने रागाने म्हटलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं आणि आज हे पत्र लिहिलं नसतं.

काजवाली मागे थांबली. कप विसळले, पुसले, जागेवर लावले. मग मशीनवरची चादर काढली, घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली.

मला फार भीती वाटते, चिऊ. जिन्यात दूधवाला आला तरी मी आधी मशीनकडे बघते. कचेरीत मला काय करतील ते कळत नाही, पण त्याची एवढी नाही. इस्त्रीवाली माझा हात सोडून देईल याची वाटते. आणि तू. तू दिलेली भेट होती ती, आणि मी तिचं हे करून ठेवलं. या वयात मला तू ओरडलेलं चालेल, पण तू गप्प झालेली चालणार नाही.

तुला आठवतं का, तू सात वर्षांची असताना माझ्या कात्रीने त्या मास्तरीणबाईंच्या कोटाची कॉलर कापली होतीस आणि कोट पलंगाखाली लपवला होतास? मी तुला मारलं नाही. तुझ्या हातात कोट दिला, त्यांच्या फाटकापर्यंत बरोबर आले, आणि म्हटलं, आत तू एकटी जा, मी इथे आहे. तू वळून वळून बघत होतीस. मी बाकी काहीच केलं नाही, नुसती उभी होते. परत आलीस तेव्हा तुझं नाक वाहत होतं आणि तू विचारलंस, आता भूक लागली तर चालेल का?

मी शनिवारी बोलायला हवं होतं. रविवारी इस्पितळात बोलायला हवं होतं, तिथेही तिची उशी सारखी करून परत आले. माझा माझ्यावर आता भरवसा नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा चहा करेन. म्हणून हे लिहिते आहे. कोपऱ्यावरची टपालपेटी चारला उघडतात, मी साडेतीनला जाऊन हे पत्र आत टाकणार. एकदा ते आत पडलं की परत काढता येत नाही. ते तुझ्याकडे निघालेलं असताना मी इथे खोटं बोलू शकणार नाही. तू फाटकापाशी उभी आहेस असं मी धरून चालते. तुला पत्र मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. ओरडायचं असेल तर तेव्हा ओरड.

पेटीत टाकून मी तशीच इस्पितळात जाणार आहे. इस्त्रीवालीने ते माझ्या तोंडून ऐकायचं, साहेबांच्या नाही. उडालेल्या रुमालासारखाच एक रुमाल तिच्यासाठी शिवलाय, पण तो आधी देणार नाही. आधी सांगणार, मग तिने घेतला तर देणार.

मशीनवर चादर नाही. डबीतलं लाल दोऱ्याचं रीळ काढून टेबलावर ठेवलं आहे, ते जॅकेट जिथे ठेवलं होतं तिथेच. शेजारी पांढऱ्या चिंधीवर त्याच टाक्याची एक ओळ घालून ठेवली, म्हणजे कुणी विचारलं, कशावरून, तर दाखवता येईल. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी ओळ सरळ आली.

जेवत जा. सांभाळून राहा.

तुझीच,
फाटकापर्यंत आलेली आजी

ता. क. साहेब आणि खलाशी, ते दोघे पुन्हा यायचे आहेत. गुरुवारी, सकाळी अकराला.