आईला सांग, इकडे जागा नाही

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा कधी भांडले नाही. आज भांडणार आहे. व्हिएतनाममधल्या एका लहान गावात, एका घरगुती लॉजच्या ओसरीवर मी बसलेय. दुपारची वेळ आहे. समोर भाताची खाचरं आहेत आणि त्यांच्यामागं एकदम ताठ उभे राहिलेले काळे डोंगर. आई आत खाटेवर पडलीय, झोपली नसावी. तुमची बायको परदेशात आलीय, आबा. एकोणसत्तराव्या वर्षी, नऊवारी लुगड्यावर पोरासोरांची असते तसली सॅक पाठीला लावून. आज आमचा चौथा दिवस. हे तुम्हाला आवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी हे सगळं केलंय.

तुमची पत्रं मी आईला वाचून दाखवायचे, आठवतं? फौजेतल्या तुमच्या पत्त्यात गावाचं नाव कधीच नसायचं, नुसते आकडे. मी चौथीत होते. तुमची बदली वरती पूर्वेकडच्या डोंगरातल्या छावणीत झाली होती आणि तिथं बायकामुलांना नेता येतं असं गावात कुणीतरी बोललं होतं. आईनं नवी वाकळ शिवून ठेवली होती, दोन माणसांपुरती आणि कडेला मी मावेन एवढी. मग तुमचं पत्र आलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, मी दारातल्या उजेडात बसून वाचलं. ‘इकडे फॅमिलीसाठी जागा नाही. आईला सांग.’ आई म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचलं, शाळेत बाईंपुढं वाचतात तसं, एकेक शब्द नीट तोडून, मोठ्यानं. मला वाचता येतंय याचा मला अभिमान वाटत होता. आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि त्यावर पाणी फिरवलं. पुढच्या वर्षी तेच पत्र आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. तीन वर्षं ते वाक्य मी माझ्या तोंडानं आईला ऐकवलं.

तुम्ही गेल्यावरही मला तुमचा राग नव्हता. तुमचा धाक होता आणि धाकाला आपण मान म्हणतो. मी एसटीत कंडक्टर झाले तेव्हा तुम्ही जेवणाचं ताट सरकवलंत आणि म्हणालात, “हवालदाराची पोरगी एसटीत घंटी मारणार?” तेही मी गिळलं. वीस वर्षं झाली, सांगली डेपोतच आहे. सांगलीहून शिराळा, सांगलीहून आटपाडी, ऊस ते माळरान आणि परत. गेल्या वर्षी शिराळ्याच्या गाडीत एक म्हातारी चढली. तिकीट देताना माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, “तू हवालदाराची लेक न्हवं? डोळं त्येंचंच हाईत.” तिचा नवरा तुमच्याच पलटणीत होता. मी म्हटलं, व्हय. मग ती सहज, पिशवी मांडीवर घेत म्हणाली, “तुझी आई कवा आलीच न्हाई गं तिकडं. आमी समद्या बायका हुतो. लय चांगली क्वार्टरं हुती, शेजारची दोन तर रिकामीच. तुझ्या बापानं अर्जच केला न्हाई. म्हणायचं, तिला गाव सुटत न्हाई.”

तिला गाव सुटत नाही. हे तुम्ही तिथं सांगितलंत. आणि इकडं, जागा नाही. मी त्या म्हातारीला तिकीट दिलं आणि तशीच उभी राहिले. दोन थांबे मागं पडले, मी घंटी दिली नाही. लोक ओरडायला लागले तेव्हा भानावर आले. खोटं तुम्ही बोललात, पण उच्चारायला मला लावलंत. नऊ वर्षांच्या पोरीला, आबा.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. “जाऊ दे,” म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली. मला तिचाही राग आला. दुसऱ्याच दिवशी तिच्या पासपोर्टच्या मागं लागले. जन्मतारीख कुणाला माहीत? ती सांगायची, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, नागांच्या यात्रेमुळं शिराळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, “मावशी, कुठं निघालात?” ती म्हणाली, “लेक न्हेल तितं.” यात्रा कंपनीबरोबर जायला मी तयार नव्हते. वीस वर्षं मी लोकांना चढवते आणि उतरवते, आता मला शिट्टी मारून चढवणारा कुणी नको होता. मोबाईलवर सॅक घेऊन फिरणाऱ्या पोरी बघितल्या होत्या, तसंच जायचं ठरवलं. सांगलीत दोन सॅक घेतल्या. हा देशही मीच निवडला.

हनोईत उतरलो आणि पहिल्याच तासात माझी सगळी ऐट उतरली. लॉज एका बोळात होता, बोळ सापडेना. रस्त्यात नुसत्या मोटरसायकली, नदीला पूर यावा तशा, थांबायचं नावच नाही. आईनं सॅक पाठीवरून काढून डोक्यावर घेतली, खाली पदराची चुंबळ करून. लोक तिचे फोटो काढायला लागले. मी म्हटलं, “आई, पाठीला लाव ती.” ती म्हणाली, “मानंला सवय हाय, पाठीला न्हाई.” खांद्यावर कावड घेऊन फळं विकणारी एक बाई आली, तिनं आईचा हात धरला आणि त्या पुरातून सरळ पलीकडं नेली. मी दहा मिनिटं अलीकडंच उभी. लॉजमध्ये बायकांच्या खोलीत दोन-दोन एकावर एक अशा सहा खाटा होत्या. वीस-बावीस वर्षांच्या गोऱ्या पोरी आपापल्या खाटेवर पसरलेल्या. आईनं सगळ्यांकडं बघून घेतलं आणि मला हळूच विचारलं, “ह्येंच्या आया कुटं हाईत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर आईची खाट रिकामी. चप्पल नाही. खालच्या पोरीला विचारलं, तिनं दाराकडं बोट दाखवलं. आबा, मी दोन तास त्या बोळांतून पळत होते. आईजवळ फोन नाही, पत्ता नाही, त्यांची भाषा नाही, मराठीशिवाय कुठलीच भाषा नाही. मोबाईलमधला तिचा फोटो उघडून मी दिसेल त्याला दाखवत होते. लोक हसून मान हलवत होते. एकदा तर एका भिंतीला टेकून मी मोठ्यानं रडले. मग एका चौकात उसाच्या रसाची गाडी दिसली. तिथं बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर आई बसली होती, हातात कोयता, आणि ऊस सोलत होती. रसवाली म्हातारी शेजारी बसून हसत होती. आईनं तिच्या हातातून कोयता घेतला असणार, बाईचं सोलणं तिला पटलं नसणार. समोर एका पेल्यात रस होता, त्यात लहानशी संत्र्यासारखी फळं पिळलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला. “आगं, हितं बी हाय बघ ऊस. पर पेरं आखूड हाईत.”

आणि मी ओरडले. “कळत न्हाई तर गप एका जागी बसायचं! कुणी सांगितलं हुतं भाईर पडायला?” माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, भरलेल्या गाडीच्या मागच्या सीटपर्यंत जातो. सगळा चौक थांबला. आईनं कोयता खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि उठून माझ्यामागं चालायला लागली. अगदी दोन पावलं मागं. बोळात वळल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही. कळत नाही तर गप एका जागी बसायचं. सुट्टीवर आलात की तुम्ही तिला हेच म्हणायचात, पाहुण्यांसमोर, बाजारात, एकदा देवळाच्या पायरीवर. आणि तीही अशीच दोन पावलं मागून चालायची. तुम्ही मरून अकरा वर्षं झाली आणि माझ्या तोंडातून अजून तुमचंच वाक्य निघतंय. लॉजवर येताच आईनं सॅक उघडली. घरून आणलेली धपाटी खाल्ली, पाणी प्यायली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

काल या गावात आलो. इथं बायका होड्या चालवतात, हातानं नाही, पायानं. पाठीमागं रेलून बसतात आणि तळव्यांनी वल्ही मारतात, डोक्यावर पानांची टोकदार टोपी. आम्ही एका होडीत बसलो. दोन्हीकडं डोंगर, पाणी इतकं संथ की वल्ह्याचा आवाज तेवढा. आई बराच वेळ त्या बाईच्या पायांकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, “मला हितं यायचं न्हवतं.”

मी म्हटलं, “मग कुटं जायचं हुतं?”

“तितं. जितं मला न्हेलं न्हाई.”

मी म्हटलं, “त्येंनी तुला फशिवलं आई, तीन वर्षं. आन तू जाऊ दे म्हणतीस.”

“मला ठावं हुतं गं. दुसऱ्याच साली कळलं. एक बाई माहेराला आलती, ती बोलली.”

“मग इचारलं का न्हाईस?”

होडी एका गुहेत शिरत होती, आम्ही तिघीही डोकं खाली घालून बसलो. अंधारात ती म्हणाली, “जागा न्हाई म्हणून न्हेत न्हाईत, आसं तरी हुतं तवर. इचारलं असतं तर मी नगं म्हणून न्हेत न्हाईत, आसं निघालं असतं. मग कुटं जाऊ मी?”

गुहेतून बाहेर आल्यावर उजेडानं डोळे दिपले. मी विचारलं, “मला का न्हाई सांगितलंस, तितं जायचंय म्हणून?” आई म्हणाली, “तू इचारलंस कवा?” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच लागलं. मग तिनं सांगितलं की तिला ती क्वार्टरं बघायचीत. खिडकी कुठं आहे, चूल कुठं मांडली असती, दारातून काय दिसलं असतं. एवढंच. मी म्हटलं, परत गेल्यावर जाऊ. इथले उरलेले आठ दिवस रद्द करू का, असंही विचारलं, पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, “कशाला? आलोय तर बघू की. त्या बाईला इचार, मला जमंल का वल्हं.” मी खुणांनी विचारलं. ती बाई हसत सरकली. आईनं कासोटा सारखा केला, मागं रेलली आणि वल्ह्यांवर पाय ठेवले. होडी जागच्या जागी गोल फिरली. मग जरा पुढं गेली. आई इतकी मोठ्यानं हसली, आबा, की मला कळलंच नाही हे कोण हसतंय. तिचं हे हसणं तुम्ही कधी ऐकलंत का? मी तरी नव्हतं ऐकलं.

मला वाटलं होतं इथवर आलं की राग उतरेल. उतरला नाही. का केलंत तुम्ही असं? तुम्हाला तिच्या लुगड्याची लाज वाटत होती का, तिच्या बोलण्याची? का तुम्हाला तिथं एकट्याला बरं वाटायचं, कुणाचा नवरा, कुणाचा बाप नसल्यासारखं? तसं असेल तर तेही लिहायचं होतंत. मी वाचून दाखवलं असतं. आईला उत्तर नकोय, ती उत्तराच्या पलीकडं गेलीय. मला हवंय आणि ते मिळणार नाही. मेलेल्या माणसाला माफ करावं म्हणतात. मी करत नाही. छावणीच्या त्या डोंगरावर आईला घेऊन जाईन, तिथल्या दारात तिला उभी करीन, तेव्हाही माफ करीन असं वाटत नाही.

हे कागद लॉजवालीकडून मागून घेतलेत. पाठवायला तुमचा पत्ता नाही, पूर्वीही नुसते आकडेच होते. घडी करून सॅकच्या तळाशी टाकीन. एक गोष्ट मात्र लिहून टाकते, कारण बाकी सगळं तुमच्याबद्दल लिहिलं. येताना विमानात खिडकीची जागा मी घेतली. आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. उतरताना ढग फाटले आणि खाली हिरवे हिरवे तुकडे दिसायला लागले, तेव्हा ती मधल्या जागेवरून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून, मान लांब करून बघत होती. मला तिचा भार जाणवत होता. मी तिला खिडकीशी बसतेस का म्हणून विचारलं नाही.