चिमी ओढ्यापलीकडे आहे

वहिनी,

तू ड्यूटीवर, ऑपरेशन थिएटरमध्ये आहेस आणि तुझा फोन लॉकरमध्ये, म्हणून हे लिहून ठेवतेय. आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच.

मघाशी जंगलातून सहलीच्या सरांचा फोन आला होता. बेडकांच्या नोंदी घेऊन मुलं परतत होती, तेवढ्यात ओढ्याला लोंढा आला. बाकीची सगळी अलीकडे पोहोचली. आपली चिमी आणि तिची एक मैत्रीण पलीकडेच अडकल्यात. दोघी पक्षी बघायच्या मचाणावर चढून बसल्यात, आणि हात हलवताना सरांनी त्यांना पाहिलंय. मला एवढंच कळलंय. तुझ्यापासून काही लपवत नाही.

वरच्या अंगाने मचाणाकडे जायला एक वाट आहे. दरवर्षी मी मुलांना तिथूनच न्यायचे. यंदा दादाच्या डोळ्यांमुळे मी मागे राहिले, आणि हे सर नवीन आहेत. म्हणून निघालेय. वनरक्षक दोर घेऊन नाक्यावर थांबलेत.

चिमीचा दम्याचा पंप तिच्या टेबलावरच राहिला होता, तो मी घेतलाय.

दादा झोपलाय. त्याला तूच सांग, हात धरून सांग. डोळ्यांवर पट्टी असली तरी तो निघायला बघेल. गाडी मी नेलीय.

तू नको म्हणत होतीस, आणि मीच हट्टाने तिला पाठवायला लावलं. त्याबद्दल जे बोलायचं ते मला तिच्यासमोर बोल. मी तिला घेऊन येते, मग दोघी मिळून ऐकू.

तुझी नणंद