आगटीवरचं चौथं नाव

आई, तुझी हुरडा भाजायची आगटी बुजवून मळ्याच्या मालकांनी तिथं फरशी घातली आणि तिच्यावर एक लोखंडी पेटी आणून ठेवली. धुरानं सोलापूरच्या पाहुण्यांचे डोळे चुरचुरतात म्हणून. या पेटीला गोवऱ्या लागत नाहीत, भुसा दाबून केलेल्या बारक्या गोळ्या घालायच्या. आतला स्क्रू त्या आपोआप विस्तवात ढकलतो, पंखा वारा घालतो आणि बाहेर तापमानाचा आकडा दिसतो. मालक म्हणाले, "तुमच्या आईच्या हातचा हुरडा खायला लोक लांबनं यायची. आता ही पेटी तुमीच सांभाळायची." मी मान हलवली.

दोन रविवार कणसं वरून काळी आणि आत कच्ची निघाली. या रविवारीही तसंच झालं तर हुरड्याला दुसरं माणूस बघू, असं मालक अगदी हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. यंत्र विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, गोळ्या दवात ठेवता का?" ठेवत होते, पोत्याच्या तळाशी भुगा झाला होता आणि त्यानंच स्क्रू अडत होता. तो मोकळा केला. विस्तवाच्या भांड्यातली राख काढली. तापमान मोजणाऱ्या कांडीवर काजळी धरली होती, ती पदरानं पुसली. "आणि सारखं झाकण उघडू नका. आतलं गार झालं की यंत्र आणखी गोळ्या ढकलतं." एवढंच मला जमेना. झाकण न उघडता हात कुठं धरायचा?

अजून डोळ्यांपुढं येतं: मळ्यात तू आगटीशी उकिडवी बसली आहेस. तळवा निखाऱ्यांवर धरतेस आणि सावकाश नावं घेतेस: दादाचं, माझं, धाकटीचं आणि मग आणखी एक. चौथ्या नावाला हाताला सोसेनासं झालं की आग बेताची. आधीच काढावा लागला तर आच जास्त, राख ओढायची. घरात आम्ही भावंडं तिघंच. मी एकदा विचारलं, "आई, चौथं कुणाचं गं?" तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "कणसाकडं बघ की, करपाय लागलंय." पुढं कितीतरी वर्षांनी मावशीनं सांगितलं, दादाच्या आधी तुला एक लेक झाली होती, सव्वा महिन्याची होऊन गेली.

शनिवारी पेटीवर हात धरून बसले होते, तेव्हा चूक कळली. मी तीनच नावं घेत होते. तिसऱ्याला हात भाजला की आग बरोबर म्हणायची, म्हणून सगळं करपत होतं. यंत्रात आता काही बिघाड उरला नव्हता. चौथं नाव दोन अक्षरी होतं, तेवढंच मला आठवतं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "मला तिघांचीच आठवतात. तू आगटीपाशी असायचीस, तुलाच म्हाईत असणार." धाकटी तेव्हा पाळण्यात होती. तू नाहीस, मावशीही गेली. म्हणजे ते नाव जगात फक्त माझ्यापाशी होतं आणि मी ते हरवलं. सगळी अक्षरं जोडून बघितली, एकही तुझ्या आवाजात ऐकू येईना.

काल पाहुणे आले, चटणीच्या वाट्या मांडून झाल्या, मालक येऊन मागं उभे राहिले. मी झाकण उघडलं, हात धरला, तिघांची नावं घेतली आणि चौथ्या जागी तुझं घेतलं. आईचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं म्हणून जन्मात कधी घेतलं नव्हतं. त्या नावाला हात काढावा लागेल एवढा आकडा उतरवला, मग कणसं घातली. हुरडा हिरवागार उतरला. मालक म्हणाले, "झालं की मशीन दुरुस्त." पण तुझं नाव तीन अक्षरी, तिचं दोन, हात तेवढा जास्त वेळ टिकला, म्हणजे आच तेवढी कमी. दाणे किंचित कच्चे होते. कुणालाच कळलं नाही. तू एकच दाणा तोंडात टाकून ओळखलं असतंस.

हे पत्र हुरड्याच्या पिशवीत घालून ठेवणार आहे. खरं सांगते आई, पेटीचं गाऱ्हाणं मी उगीचच एवढं लांबवलं. मला तिचं नाव विचारायचं होतं, आणि या खेपेलाही ते पहिल्या ओळीत विचारायचा धीर झाला नाही.